ऐकणारे घर

बोलणे ही आपल्याला फार साधी गोष्ट वाटते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण किती शब्द बोलतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. 'अम्मी, भूक लागली', 'सर, मी आत येऊ का?', 'अरे, चेंडू इकडे टाक' अशी वाक्ये तोंडातून सहज बाहेर पडतात. पण एवढेसे वाक्य बोलण्यासाठी शरीरात केवढी धावपळ होते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

एक छोटा प्रयोग करून पाहा. गळ्यावर बोट ठेवा आणि 'आ' म्हणा. बोटाला थरथर जाणवेल. छातीतून वर येणाऱ्या हवेमुळे गळ्यातील स्वरतंतू कंप पावत असतात. आता 'पाणी' म्हणा. आधी ओठ मिटतात, मग उघडतात. 'टाळी' म्हणा. जिभेचे टोक वर जाऊन टाळूला लागते. 'कमल' म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जातो. तुम्ही उर्दू शाळेतील मुले आहात, तेव्हा 'कलम' हा शब्द बडा काफ घेऊन म्हणा. आवाज आणखी खोलून, घशाजवळून येतो. छाती, गळा, टाळू, जीभ, जबडा आणि ओठ या सर्वांचे स्नायू एकमेकांची वेळ सांभाळून काम करतात, तेव्हा एक शब्द तयार होतो. मेंदू हुकूम देतो, मज्जातंतू तो पोचवतात आणि स्नायू तो पाळतात.

कधी कधी हुकूम देणारा किंवा तो पोचवणारा भाग बिघडतो, कधी स्नायूच दुबळे होतात. मग शब्द जड, अस्पष्ट किंवा फार हळू येतात. डॉक्टर याला डिसआर्थ्रिया म्हणतात. पक्षाघाताचा झटका, डोक्याला लागलेला मार, कंपवात, जन्मापासून असलेला मेंदूचा पक्षाघात किंवा स्नायूंचा एखादा आजार, अशी याची अनेक कारणे आहेत. वाचाघात हा याहून वेगळा विकार आहे. त्यात भाषाच हातची निसटते, योग्य शब्दच सापडत नाही. डिसआर्थ्रियात शब्द मनात अगदी तयार असतो. व्याकरण शाबूत असते. फक्त तो शब्द तोंडातून नीट बाहेर येत नाही.

मला हे सारे पुस्तकातून कळले नाही. ते माझ्या अब्बांमुळे कळले.

अब्बा मालेगावात उर्दू शाळेत शिक्षक होते. त्यांचे शीन-काफ इतके दुरुस्त होते, की मोहल्ल्यातील लोक एखाद्या शब्दावरून वाद झाला तर त्यांच्याकडे येत. वर्गात कोणी 'कलम' छोट्या काफने म्हटले, की ते लिहिणे थांबवत आणि वळून म्हणत, "बेटा, हे काय आणलेस? पुन्हा आण." ते रागावत नसत. पण तो शब्द नीट आल्याशिवाय पुढे जातही नसत. २०१४ साली ते निवृत्त झाले. त्यानंतरही संध्याकाळी आमच्या ओट्यावर मोहल्ल्यातील मुले वाचायला बसत.

२०१८ साली त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप बशीवर वाजू लागला. अक्षर बारीक होत गेले. वाक्याच्या सुरुवातीची अक्षरे वाटाण्याएवढी, तर शेवटची मोहरीएवढी! नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा कंपवात आहे. इंग्रजीत याला पार्किन्सन म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रथम नीट लिहून ठेवले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. मेंदूत डोपामिन नावाचा एक पदार्थ तयार होतो. तो तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू कमी होतात. त्यामुळे हालचाली मंद आणि आखडलेल्या होतात.

बोलणे हीसुद्धा हालचालच आहे. दोन-तीन वर्षांत अब्बांचा आवाज खाली गेला. चढउतार नाहीसे झाले. वाक्य मोठ्याने सुरू होई आणि शेवटी पुटपुटण्यात विरून जाई. चेहऱ्याचे स्नायूही आखडले. पूर्वी अब्बा हसले की डोळे आधी हसत. आता चेहरा स्थिर राहू लागला. घरी येणारे लोक विचारत, "मास्तरसाहेब नाराज आहेत का?" ते नाराज नव्हते. त्यांचा आनंद चेहऱ्यावर उमटत नव्हता, एवढेच.

डॉक्टरांनी आम्हांला वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. मालेगावहून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर. एस.टी.ने जायचे आणि संध्याकाळी परतायचे. पहिल्याच दिवशी बाईंनी अब्बांना विचारले, "सर, तुमचा आवाज तुम्हांला कसा वाटतो?" अब्बा म्हणाले, "ठीक आहे. हे लोकच म्हणतात, हळू बोलता." बाईंनी त्यांचे बोलणे टेपवर घेतले आणि त्यांना ऐकवले. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हा माणूस तर कुजबुजतो आहे!"

बाईंनी समजावून सांगितले, की या आजारात असे नेहमी घडते. माणसाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठा वाटतो. आपण कुजबुजतो आहोत, हे त्याला जाणवतच नाही. म्हणून नुसते 'मोठ्याने बोला' असे दिवसातून पन्नास वेळा सांगून उपयोग होत नाही. त्याचा सराव करावा लागतो. मोठा आवाज म्हणजे किती मोठा, हे शरीराला पुन्हा शिकवावे लागते. १९८७ साली अमेरिकेत अशी एक उपचारपद्धती सुरू झाली. तिचा सारा भर मोठ्या आवाजावर आहे.

सराव अगदी साधा होता. खोल श्वास घ्यायचा आणि जमेल तितका वेळ, जमेल तितक्या मोठ्याने 'आ' म्हणायचे. अब्बांना हे ऐकून गंमत वाटली. ते म्हणाले, "बाई, ही तर अलिफ मद आ! चौतीस वर्षे मी मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवले." त्यानंतर रोज सकाळी आमच्या घरात अलिफ मद आ घुमू लागले. पहिल्या आठवड्यात पाच सेकंद, महिन्याने नऊ सेकंद, पुढे बारा. माझी मुलगी घड्याळ धरून बसे. ती तेव्हा पाचवीत होती. दादाजानच्या परीक्षेचे गुण ती कॅलेंडरवर लिहून ठेवी.

बाईंनी दुसरी एक गोष्ट सांगितली. ती मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, "बोलण्यात दोन माणसे असतात. सर अर्धे काम करतील. उरलेले अर्धे घराने करायचे आहे."

घराचे काम कोणते? ते आम्ही एकेक करून शिकत गेलो.

आमच्या मोहल्ल्यात यंत्रमाग आहेत. आमच्या भिंतीला लागूनच एका कारखान्याचे बारा माग आहेत. त्यांची खटखट दिवसरात्र चालते. आम्हांला तिची इतकी सवय आहे, की ती ऐकूच येत नाही. पण अब्बांचा आवाज त्या खटखटीत बुडून जाई. म्हणून आम्ही त्यांची खुर्ची ओट्यालगतच्या खोलीतून काढून मागच्या खोलीत नेली. तिथे दोन भिंती मध्ये येतात. त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करायचा, नळ बंद करायचा, मिक्सर थांबवायचा, असा नियम झाला. स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचे नाही. जवळ जाऊन, समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे पाहत ऐकायचे. ओठांच्या हालचालीवरूनही निम्मा शब्द कळतो. त्यासाठी खोलीत उजेड हवा. अम्मीने मागच्या खोलीत मोठा दिवा लावून घेतला.

मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी गाव वेगळेच वाटते. लांबच्या गल्लीतील सायकलची घंटाही ऐकू येते. घरातील महत्त्वाच्या गोष्टी अब्बांशी शुक्रवारी सकाळी बोलायच्या, असे ठरून गेले. घरपट्टी, दुरुस्ती, कोणाच्या लग्नात काय द्यायचे, मुलीला कोणत्या शाळेत घालायचे, हे सारे शुक्रवारसाठी राखून ठेवू लागलो. अब्बाही आठवडाभराचे बोलणे मनात जमवून ठेवत. जुम्म्याच्या नमाजला निघण्यापूर्वी आमची ही सभा भरते.

वेळेचेही तसेच आहे. अब्बांची गोळी घेतल्यावर तासाभराने हातपाय मोकळे होतात. तेव्हा त्यांना बोलणेही सोपे जाते. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली, की ते थकतात. थकलेल्या माणसाला अवघड प्रश्न विचारू नये. तेव्हा फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर लागेल असे विचारावे. 'चहा घेणार की दूध?' असे दोन प्रश्न एकदम विचारण्यापेक्षा 'चहा देऊ का?' असे विचारले, की मान हलवूनही भागते.

जे घशाचे स्नायू बोलायला लागतात, तेच गिळायलाही लागतात. म्हणून जेवताना अब्बा ताठ बसतात, लहान घोट घेतात आणि तोंडात घास असताना बोलत नाहीत. आम्हीही त्या वेळी त्यांना काही विचारत नाही. पूर्वी आमच्या दस्तरखानावर सर्वांत जास्त गप्पा अब्बांच्या असत. आता त्या गप्पा जेवण झाल्यावर होतात.

एखादा शब्द कळला नाही तर काय करावे? मान डोलावून 'हो हो' म्हणणे सर्वांत सोपे. पण आपल्याला कळलेले नाही, हे बोलणाऱ्याला बरोबर कळते. बाईंनी सांगितले होते, की जेवढे कळले तेवढे स्वतः म्हणून दाखवा आणि न कळलेल्या शब्दापुरतेच विचारा. 'उद्या कोणाला बोलवायचे म्हणालात?' असे विचारले, की अब्बांना सारे वाक्य पुन्हा बोलावे लागत नाही. एकच शब्द पुरतो. त्यांचे वाक्य आपणच पुरे करण्याची घाईही करू नये. बोलायला वेळ लागत असला, तरी ते बोलणे त्यांचे आहे.

यात सर्वांत हुशार अम्मी होती. तिला अब्बांचे सारे कळे. आलेगेले लोक अब्बांना विचारत आणि अम्मी उत्तर देई. बाईंनी तिला हसत हसत सांगितले, "तुम्ही त्यांचे कान व्हा, जीभ होऊ नका. नाहीतर त्यांची जीभ कामच सोडून देईल." अम्मीने ते मनावर घेतले. आता कोणी आले, की ती उत्तर ओठांवर असूनही थांबते. एकदा शेजारणीने तिला विचारले, "इतका वेळ थांबायला कंटाळा येत नाही का?" अम्मी म्हणाली, "चाळीस वर्षे त्यांचे भरभर ऐकले. आता सावकाश ऐकते."

मग अक्षरांची पाटी आली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर माझ्या मुलीने उर्दू हुरूफ ठळक लिहिले. अलिफपासून बडी येपर्यंत. खाली 'हो', 'नाही', 'पुन्हा सांगतो' आणि 'जाऊ द्या' असे चार चौकोन काढले. अब्बा शब्द बोलतात आणि बोलताना त्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवतात. पहिले अक्षर कळले, की ऐकणाऱ्याचे काम फार सोपे होते. शिवाय बोट ठेवण्यासाठी थांबावे लागते, त्यामुळे बोलणेही आपोआप सावकाश होते. हात थरथरतो म्हणून अक्षरांमध्ये जागा जास्त सोडली आहे.

या पाटीने एकदा केवढे काम केले, ते सांगतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीसाठी धुळ्याहून एक स्थळ आले. मुलगा चांगला होता, घर चांगले होते. मुलाकडच्या मंडळींची इच्छा होती, की रमजानच्या आधी निकाह उरकावा. रमजान महिन्यावर आला होता. बहीण तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची परीक्षा जूनमध्ये संपणार होती. रविवारची संध्याकाळ होती. खोलीत पंधरा-वीस माणसे बसली होती. शेजारी बारा माग धडधडत होते. अब्बांच्या गोळीचा अंमल ओसरत आला होता.

बोलणी झाली. तारीख निघू लागली. तेवढ्यात अब्बांचे ओठ हलले. "इ..." एवढेच ऐकू आले. बाकीचा शब्द खटखटीत गेला.

मोठे मामू आनंदाने म्हणाले, "ऐका! भाईसाहेब इजाजत देताहेत!"

सर्वांनी 'माशाअल्लाह' म्हटले. मिठाईचे ताट पुढे आले. अब्बांचा चेहरा नेहमीसारखाच स्थिर होता. त्यावरून होकार की नकार हे कोणालाच कळणे शक्य नव्हते. पण त्यांनी हात वर केला होता आणि तो खाली येत नव्हता. मी मामूंना म्हणालो, "जरा थांबा. अब्बांचे बोलणे अजून संपलेले नाही." तोवर माझी मुलगी आतून पाटी घेऊन आली आणि दादाजानच्या गुडघ्यावर ठेवली.

अब्बांचे बोट थरथरत अलिफवर आले.

"अलिफच आहे," मामू म्हणाले. "अलिफवरून इजाजत."

मुलगी त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय म्हणाली, "दादाजान, पुढचे अक्षर?"

बोट निघाले. खोलीत सारे गप्प झाले. इजाजत असेल तर ते जीमवर थांबायला हवे होते. ते जीमवर थांबले नाही. पुढे सरकत सरकत ते मीमवर येऊन थांबले. मग मागे फिरून तेवर गेले.

"अलिफ, मीम, ते..." मुलीने वाचले आणि ती ओरडली, "इम्तिहान!"

अब्बांनी मान हलवली. माझी बहीण पडद्याआड उभी होती. तिचा हुंदका सर्वांना ऐकू आला.

मी अब्बांसमोर बसून एकेक प्रश्न विचारला. "स्थळ आपल्याला पसंत आहे?" त्यांनी 'हो'वर बोट ठेवले. "निकाह परीक्षेनंतर व्हावा?" पुन्हा 'हो'. मग त्यांनी श्वास घेतला आणि सकाळच्या सरावासारखे मोठ्याने, एकेक शब्द तोडून ते म्हणाले, "आधी... इम्तिहान. मग... निकाह."

मुलाचे वडील उठले. त्यांनी आपली खुर्ची अब्बांच्या अगदी समोर आणली आणि विचारले, "भाईसाहेब, बकरी ईदनंतर चालेल?" त्या संध्याकाळी घरात आलेल्यांपैकी अब्बांना थेट प्रश्न विचारणारे ते पहिलेच होते. अब्बांनी त्यांचा हात हातात घेतला.

बहिणीने परीक्षा दिली. निकाह जुलै २०२३ मधल्या एका शुक्रवारी झाला. माग बंद होते. काजीसाहेब अब्बांच्या जवळ येऊन बसले आणि मुलीचे वली म्हणून त्यांच्याकडे इजाजत मागितली. कोणी घाई केली नाही. अब्बांनी श्वास घेतला आणि तो शब्द उच्चारला. या वेळी तो शब्द इजाजत हाच होता. पाटी लागली नाही.

त्या फेब्रुवारीत एका शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला गेला असता, तर एका मुलीचे दोन वर्षांचे शिक्षण अर्धवट राहिले असते आणि तेही तिच्या वडिलांच्या नावावर. अब्बांचे मत पक्के होते आणि शब्दही नेमका होता. खोलीत कमी होती ती ऐकणाऱ्यांची.

घराबाहेर तर ही कमी पावलोपावली जाणवते. दुकानात काही लोक अब्बांशी ओरडून बोलतात, जणू त्यांना ऐकू येत नाही. काही लोक लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. काही तर त्यांच्या देखत मलाच विचारतात, "यांना काय पाहिजे?" मी म्हणतो, "त्यांनाच विचारा. ते सांगतील." एकदा एका दुकानदाराने तीनदा ओरडून विचारल्यावर अब्बा सावकाश म्हणाले, "कान चांगले आहेत, भाई. जीभ आळशी झाली आहे." दुकानदार ओशाळला, मग हसला. आता तो अब्बांना पाहताच पंखा बंद करतो आणि बाकावर जागा करून देतो.

जगात मोठमोठ्या माणसांच्या वाट्याला हे आले आहे. मुष्टियोद्धा मुहम्मद अली जसा हातांनी, तसाच जिभेनेही चपळ होता. त्याच्या हजरजबाबी बोलण्याची जगभर चर्चा होई. १९८४ साली त्याला कंपवात झाल्याचे निदान झाले. पुढे त्याचा आवाज अगदी खाली गेला. तरी १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्याने थरथरत्या हाताने ज्योत पेटवली, तेव्हा सारे जग पाहत होते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली स्नायू दुबळे करणारा आजार असल्याचे कळले. काही वर्षांनी त्यांचे बोलणे इतके अस्पष्ट झाले, की ते फक्त जवळच्या माणसांना समजे. ते व्याख्यान देत, तेव्हा एखादा विद्यार्थी त्यांचे वाक्य लोकांना पुन्हा स्पष्ट करून सांगे. १९८५ साली घशावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज पूर्ण गेला आणि ते संगणकाच्या आवाजात बोलू लागले. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईला आले, तेव्हा याच आवाजात त्यांनी व्याख्यान दिले. हे दोघेही जानेवारी १९४२ मध्ये, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मले होते. एकाचे जग मुष्टियुद्धाचे, दुसऱ्याचे आकाशातील ताऱ्यांचे. पण दोघांनाही ऐकून घेणारी माणसे लागली.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व, कंपवात, मेंदूचा पक्षाघात आणि स्नायूंचा क्षय यांचाही त्यात समावेश आहे. म्हैसूर येथे वाचा आणि श्रवण यांच्या उपचारांची व शिक्षणाची राष्ट्रीय संस्था १९६५ पासून आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अशीच एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. बोलणे अस्पष्ट झाले, की 'म्हातारपण आहे, असेच चालायचे' असे म्हणून गप्प बसू नये. तज्ज्ञांना दाखवावे. आणि एखाद्याचे बोलणे अचानक अडखळू लागले, तोंड एका बाजूला ओढले गेले, एका हातातील शक्ती गेली, तर मुळीच वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो आणि त्यात मिनिटामिनिटाला मोल असते.

अब्बांचा आजार बरा होणारा नाही. औषधाने तो आटोक्यात राहतो, सरावाने आवाज टिकून राहतो. काही दिवस चांगले जातात, काही दिवस पाटीवाचून भागत नाही. रोज संध्याकाळी ते आणि माझी मुलगी एकत्र मोठ्याने वाचतात. आधी ते उर्दू वर्तमानपत्र वाचतात, मग ती आपले मराठीचे पुस्तक वाचते. उर्दूत 'ळ' नाही. म्हणून ती 'बाळ'ला 'बाल' आणि 'नळ'ला 'नल' म्हणे. अब्बांची जीभ 'ळ'साठी पुरेशी वळत नाही. दोघेही एकमेकांसमोर बसून 'टाळी, केळी, नळी' असे घोकतात. कोणाचा 'ळ' आधी नीट येतो, यावर त्यांची पैज लागते. परवा अब्बांचा 'ळ' नीट आला नाही, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "दादाजान, हे काय आणले? पुन्हा आणा." अब्बांच्या चेहऱ्यावर फारसे काही उमटले नाही. पण ते हसत होते, हे आम्हां सर्वांना कळले.

मुलांनो, तुम्हीही मराठी बोलताना कधी अडखळला असाल. मनात सारे स्पष्ट असते, पण जीभ वळत नाही. समोरचा माणूस हसला, की उरलेले शब्दही पळून जातात. तो थांबला, 'हं, सांग' म्हणाला, की तेच शब्द परत येतात. तुमची अडचण सरावाने दूर होईल. काहींची अडचण जन्मभर राहते. अशी माणसे तुमच्या घरात असतील, मोहल्ल्यात असतील, कदाचित तुमच्या वर्गातही असतील. त्यांच्याजवळ बसा. आवाज बंद करा. त्यांच्याकडे पाहा. कळले नाही तर सरळ सांगा, 'कळले नाही, पुन्हा सांगा.' आणि पहिल्या अक्षरावरून शब्द ठरवू नका. पुढचे अक्षर विचारा.